बशीतली हळद आणि रक्तातली हळद

श्रोतेहो, आज मी हळदीबद्दल बोलणार आहे. हळद आपल्या घरात रोज फोडणीला पडते, लग्नात अंगाला लागते, खरचटलं की जखमेवर दाबली जाते. तिच्याविषयी ही बाई नवीन काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. वनस्पतींतली द्रव्यं वेगळी करायची आणि सजीव पेशींवर, जंतूंवर त्यांचा काय परिणाम होतो ते तपासायचं, या कामात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातली बरीचशी हळदीवरच गेली. पण हळदीनं मला जो सगळ्यात मोठा धडा दिला, तो प्रयोगशाळेत मिळाला नाही. तो मिळाला हरिपूरला, माझ्या मावशीच्या घरी.

हरिपूर हे सांगलीजवळचं, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव. तिथल्या जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची जुनी रीत. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं पाण्याखाली गेली. पण माझ्या लहानपणी पेव उघडणं हा आम्हा मुलांना एक सोहळाच वाटायचा. माती बाजूला व्हायची, तोंड मोकळं व्हायचं आणि मग बराच वेळ कुणी काहीच करायचं नाही. आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची. त्यानंतर आमचे काका दोरीला बांधलेला कंदील हळूहळू खाली सोडायचे. कंदील जळत राहिला तरच गडी आत उतरायचा. विझला तर पुन्हा थांबायचं. घाई केली म्हणून काकांनी माणसांना रागावलेलं मी पाहिलं आहे. एरवी ते कुणाला मोठ्यानं बोलत नसत.

१९९९ साली मावशीच्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी किमोथेरपीचे सहा डोस सांगितले. दोन झाले. केस गेले, तोंडाची चव गेली, आणि तिसऱ्या डोसाच्या तारखेला मावशी दवाखान्यात गेलीच नाही. काका तेव्हा हयात नव्हते. मुलगा नोकरीनिमित्त लांब. आम्हाला पुण्यात हे कळलं तेव्हा चार महिने उलटले होते.

मी तडक हरिपूरला गेले. मावशी अगदी मजेत होती. म्हणाली, "अगं, आता ते सलाईन कशाला? मी हळद घेते ना, सकाळ-संध्याकाळ, दुधातून. तूच तर शोध लावलास." आणि तिनं देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून घडी घातलेलं एक कात्रण काढून माझ्या हातात ठेवलं. हळदीने कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, असा मथळा होता. खाली माझं नाव आणि फोटो.

त्या बातमीत खोटं असं एकही वाक्य नव्हतं. आमच्या प्रयोगात कर्करोगाच्या पेशी मेल्या होत्या, हे खरं. मी परिसंवादात तो निबंध वाचला, हेही खरं. निबंध संपल्यावर वार्ताहरानं मला विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, हळद कॅन्सरवर चालते म्हणायची?" त्यावर मी हसून म्हटलं होतं, "सुरुवात तर आशादायक आहे." माझा गुन्हा काय असेल तर तो एवढ्या एका वाक्याचा. त्या वाक्याच्या मागे आणि पुढे काय काय असतं ते मी त्या दिवशी बोलले नाही. ते आज बोलते.

मुळात आमच्यासारखे लोक वनस्पतींच्या मागे का लागतात? कारण त्यातून खरोखर काही तरी हाती लागल्याची उदाहरणं आहेत. सर्पगंधा घ्या. आपल्याकडे ही मुळी कित्येक पिढ्या सर्पदंशावर, वेडावर, झोप येण्यासाठी दिली जात होती. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो असं लिहिलं. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली अल्कलॉइड द्रव्यं वेगळी करायला सुरुवात केली. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचं लक्ष तिकडे वेधलं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसरपिन हे शुद्ध द्रव्य मिळवलं. पुढे काही रुग्णांना या औषधानं उदासीनता येते असं दिसलं, त्याहून सोयीची औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. पण मुळीपासून गोळीपर्यंतचा रस्ता असतो आणि तो चालून जाता येतो, हे सर्पगंधेनं दाखवून दिलं.

या गोष्टीत एक बारकावा आहे. सर्पगंधेची ख्याती होती सर्पदंशावरची, आणि उपयोग निघाला रक्तदाबावर. परंपरा आपल्याला एवढंच सांगते की या झाडाकडे बघा, इथे काही तरी आहे. काय आहे, कशावर आहे आणि किती प्रमाणात आहे, ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता हळदीकडे येऊ. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यांमुळे असतो त्यातलं मुख्य म्हणजे कुर्कुमिन. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी ते प्रथम वेगळं काढलं. त्याची रासायनिक रचना कळायला मात्र १९१० साल उजाडलं. हळकुंडात ते फार नसतं. शंभर ग्रॅम हळद घेतली तर त्यात साधारण तीन ग्रॅम, जातीप्रमाणे थोडं कमी किंवा थोडं जास्त. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपासणीची सुरुवात बाजारातून होते. हळद कुठली, कुठल्या जातीची, तिच्यात दुसरं काही मिसळलेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं. यात अतिशयोक्ती नाही. हळद अधिक पिवळीजर्द दिसावी म्हणून तिच्यात शिसं असलेलं लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार घडतात. बांगलादेशात तसं होत असल्याचं २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं होतं. अशी भुकटी आणून तुम्ही पेशींवर टाकलीत आणि पेशी मेल्या, तर त्या हळदीनं मेल्या की शिशानं?

मग अर्क काढायचा. कुर्कुमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये किंवा तशाच दुसऱ्या द्रावकात विरघळवतात. इथे विद्यार्थिदशेत मी एक फजिती करून घेतली होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मध्ये खळगा पाडून त्यात अर्क टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती मिलिमीटरचं पडलं ते मोजायचं, असा साधा प्रयोग होता. वर्तुळ छान मोठं पडलं. मी आनंदानं सरांना दाखवायला नेलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "नुसतं स्पिरिट टाकून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर वर्तुळ जवळजवळ तेवढंच! जंतू मारले होते द्रावकानं आणि श्रेय मिळत होतं हळदीला. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या शेजारी 'नुसतं द्रावक' असा एक रकाना कायमचा आला.

कुर्कुमिन जंतूंवर काहीच करत नाही असं मात्र नाही. परीक्षानळीत ते काही जंतूंची वाढ रोखतं, असा निबंध १९४९ मध्येच 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकात आला होता. नंतरच्या काळात तर कुर्कुमिनवर हजारो निबंध निघाले. कर्करोग, मधुमेह, संधिवात, विस्मरण, ज्यावर तपासावं त्यावर ते परिणाम दाखवायचं. आम्हाला याचा फार आनंद व्हायचा. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. एकच किल्ली गावातल्या सगळ्या कुलपांना लागू लागली, तर किल्ली चांगली आहे असं म्हणायचं, की कुलपं नीट बसवलेली नाहीत असं म्हणायचं?

याचं उत्तर समजण्यासाठी आम्ही पेशी कशा मोजतो ते थोडक्यात सांगते. हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची एक पट्टी असते, तिला ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी आणि त्यांचं खाद्य. त्यात कमी-जास्त प्रमाणात द्रव्य टाकायचं. एक-दोन दिवसांनी त्यात एक पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी जास्त. रंग किती गडद ते यंत्र प्रकाश टाकून मोजतं. सोपी, स्वस्त आणि जगभर वापरली जाणारी पद्धत आहे.

आता अडचण बघा. कुर्कुमिन स्वतः गडद पिवळं. ते प्रकाश शोषतं, शिवाय निळा प्रकाश पडला की चमकतं. त्यामुळे रंगावर किंवा चमकण्यावर आधारलेल्या चाचण्यांत यंत्राची फसगत होऊ शकते. वनस्पतींतली काही द्रव्यं तर पेशी नसतानासुद्धा त्या पिवळ्या रसायनाचं जांभळं करून टाकतात. कुर्कुमिन धातूंना चिकटतं, प्रथिनांना वाटेल तसं चिकटतं. आणि सगळ्यात कडी म्हणजे ते टिकत नाही. आपल्या रक्तासारख्या, किंचित आम्लविरोधी आणि ३७ अंश तापमानाच्या द्रवात, रक्तजल मिसळलेलं नसेल, तर अर्ध्या तासात त्याचा नव्वद टक्के भाग मोडून जातो, हे १९९७ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे दोन दिवसांनंतर आपण ज्याचा परिणाम मोजतो आहोत ते कुर्कुमिन आहे की त्याचे तुकडे, हाच प्रश्न.

अशा द्रव्यांना आता शास्त्रज्ञांनी एक वेगळं नाव ठेवलं आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी चाचण्यांत ढवळाढवळ करणाऱ्या संयुगांची एक यादीच मांडली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'पेन्स' म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही औषधरसायनशास्त्रज्ञांनी कुर्कुमिनच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला आणि ते या संयुगांचा ठळक नमुना आहे असं दाखवलं. तोवर माणसांवरचे १२० हून अधिक प्रयोग झाले होते. रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही कोणाला खरं औषध मिळतंय ते माहीत नाही, अशा कडक पद्धतीच्या प्रयोगात ते एकदाही यशस्वी ठरलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो वाचला तेव्हा मी निवृत्त झाले होते. माझ्या जुन्या निबंधांची चळत कपाटातून काढली आणि रात्री उशिरापर्यंत चाळत बसले.

१९९९ च्या त्या प्रयोगाचं काय झालं, तेही सांगते. मावशीकडून परत आल्यावर मी तो पुन्हा केला. या वेळी कर्करोगाच्या पेशींच्या शेजारी निरोगी त्वचेच्या पेशी ठेवल्या. पहिल्या वेळी आम्ही त्या ठेवल्याच नव्हत्या. वेळ नव्हता, पैसे नव्हते, आणि परिसंवादाची तारीख जवळ आली होती. कर्करोगाच्या पेशी पुन्हा मेल्या. निरोगी पेशीही जवळजवळ तेवढ्याच मेल्या. जे द्रव्य सगळ्यांनाच मारतं त्याला औषध म्हणत नाहीत. हा निकाल मी लिहून पाठवला. वर्षभरानं तो एका छोट्या नियतकालिकात दोन पानांत छापून आला. त्याची बातमी झाली नाही. कशी होणार? 'हळदीने विशेष काही झाले नाही' असा मथळा कोण देईल?

आता प्रमाणाचा प्रश्न. आमच्या बशीत आम्ही एका लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम या हिशेबानं कुर्कुमिन टाकलं होतं. आकडा किरकोळ वाटतो. पण तेवढं रक्तात पोहोचतं का? १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन ग्रॅम कुर्कुमिन दिलं, तर त्यांच्या रक्तात ते एक तर सापडलंच नाही किंवा अगदी नाममात्र सापडलं. आतड्यातून ते फारसं शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावतं. मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम सोबत दिल्यावर रक्तात पोहोचणारं प्रमाण वीसपट वाढलं. या वीसपटीची जाहिरात आज प्रत्येक कॅप्सूलच्या डबीवर असते. पण जवळजवळ शून्याची वीसपट किती होते, हे डबीवर नसतं.

२००८ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज आठ ग्रॅम कुर्कुमिन देऊन पाहण्यात आलं. ज्यांचं मूल्यमापन करता आलं अशा २१ रुग्णांपैकी दोघांत काही परिणामाच्या खुणा दिसल्या. त्यांच्या रक्तातलं प्रमाण होतं एका मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम. आमच्या बशीतलं प्रमाण याच्या दोनशे-तीनशेपट होतं. आता मघाचा तीन टक्क्यांचा आकडा आठवा. आठ ग्रॅम कुर्कुमिन पोटात जायला रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. मावशी दोन चमचे घेत होती. त्यात दोनशे मिलिग्रॅमही कुर्कुमिन नसेल.

हा हिशेब मी तिला त्या दिवशी हरिपूरच्या ओट्यावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन सांगितला. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण हळदीच्या अडत-तोलाईत तिचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे टक्केवारी तिला माझ्यापेक्षा लवकर कळली. कागदाकडे बघत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग पेपरात हे का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिचे उपचार पुन्हा सुरू झाले. त्यानंतर ती अडीच वर्षं जगली. वाया गेलेल्या त्या चार महिन्यांनी किती फरक पडला, ते कुठलाही डॉक्टर ठामपणे सांगू शकणार नाही. मीही कधी कुणाला विचारलं नाही.

या सगळ्यावरून कुणी म्हणेल, बघा, आमच्या परंपरेला ही बाई नावं ठेवते. श्रोतेहो, अगदी उलट आहे. माझी आजी, म्हणजे मावशीची आई, हळद सढळ हातानं वापरायची. खोकला झाला की हळदीचं दूध, मुका मार लागला की हळदीचा गरम लेप, कापलं की चिमूटभर हळद. पण हळदीनं गाठ विरघळते असं ती कधीही म्हणाली नाही. गाठ दिसली की ती वैद्याकडे किंवा मिरजेच्या दवाखान्यात पाठवायची. मावशीची दिशाभूल आजीच्या बटव्यानं केली नाही. ती केली प्रयोगशाळेतून निघालेल्या बातमीनं, आणि माझ्या नावामागे लागलेल्या 'डॉक्टर' या पदवीनं.

हळदीच्या पेटंटची लढाईही तुम्हाला आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि निबंध पुरावा म्हणून सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या सर्वांना अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? हा वापर नवा नाही, आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे, एवढं सिद्ध झालं. हळदीनं जखम किती लवकर भरते, हा प्रश्न त्या कचेरीपुढे नव्हताच. जुनं असणं आणि गुणकारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा ग्रंथात मिळतो, दुसरीचा रुग्णांत शोधावा लागतो.

आणि रुग्णांत शोधलं की कधीकधी चांगलंही सापडतं. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांना चार आठवडे हळदीचा अर्क किंवा आयब्युप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामक गोळी देण्यात आली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. आराम दोन्ही गटांत जवळपास सारखा पडला, आणि पोटाची कुरकुर हळदीच्या गटात कमी होती. त्यात नुसत्या साखरेच्या गोळीचा तिसरा गट नव्हता, ही एक उणीव. थायलंडमध्येच अपचनाच्या २०६ रुग्णांवर कुर्कुमिन आणि ओमेप्राझोल यांची तुलना झाली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणजे गुडघा आणि पोट, जिथे आपले लोक पूर्वीपासून हळद वापरत आलेत, तिथे काही तरी हाती लागण्याची शक्यता आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

मात्र स्वयंपाकातली हळद वेगळी आणि कॅप्सूलमधला घट्ट केलेला अर्क वेगळा. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांना यकृताची सूज आल्याचं आढळलं आणि सरकारला इशारा द्यावा लागला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही २०२२ मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या सातजणांत एक विशिष्ट आनुवंशिक खूण होती. रक्तात जास्त पोहोचावं म्हणून मिरी घातली, तर लाभाबरोबर अपायही जास्त पोहोचू शकतो. आमटीतल्या हळदीला घाबरू नका. पण डबीतली हळद घेत असाल तर ती औषधच समजा आणि आपल्या डॉक्टरांना सांगा. कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर न चुकता सांगा.

वर्तमानपत्रात अमुक पाल्याचा, तमुक मुळीचा शोध लागल्याच्या बातम्या येतच राहतील. त्या वाचा, माझी हरकत नाही. फक्त वाचताना चार गोष्टी शोधा. परिणाम कुठे दिसला, बशीत, उंदरात की माणसात? काय दिलं होतं, मूळ वनस्पती, तिचा अर्क की एखादं शुद्ध द्रव्य? किती दिलं, आणि तेवढं माणसाच्या अंगात पोहोचतं का? आणि शेजारी तुलनेला काय ठेवलं होतं? बातमीत यातलं काहीच सापडलं नाही, तर ती बातमी अजून अर्धीच आहे असं समजा. चालू औषध तिच्या भरवशावर बंद करू नका.

अजूनही कधीतरी एखादा तरुण वार्ताहर फोन करतो. एखाद्या नव्या संशोधनाबद्दल माझं मत विचारतो. मी सांगते आणि शेवटी एक अट घालते. हा परिणाम बशीतल्या पेशींवरचा आहे, रुग्णांनी आपलं औषध थांबवू नये, असं एक वाक्य छापायचं. जागा नाही असं तो म्हणाला, तर माझं नाव गाळायला सांगते. बहुतेक जण वाक्य छापतात.

मावशीचं ते कात्रण मी मागून घेतलं होतं. आता कागद पिवळा पडला आहे. विद्यार्थी घरी आले की कधी मी ते त्यांना दाखवते, आणि पेव उघडल्यावर काका कंदील खाली सोडायचे, ती गोष्ट सांगते. आत हळद भरलेली आहे हे काकांना पक्कं ठाऊक असायचं, त्यांनी स्वतःच तर ती भरलेली असायची. तरीही कंदील सोडल्याशिवाय त्यांनी कुणाला खाली उतरू दिलं नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)